छोटं विमान उडवायला मेडिकल लागतं का? अमेरिकेत कधी कधी गाडीचं लायसन्सही चालतं!

तुमच्या फीडवर असे व्हिडिओ आले असतीलच. दोन सीटचं छोटंसं विमान, पुढे गरगर फिरणारा पंखा, डोक्याला हेडसेट लावून मजेत बसलेले सत्तरीतले आजोबा आणि खाली अमेरिकेतली चौकोनी शेतं. अशा व्हिडिओखाली कुणीतरी हमखास विचारतं, "या वयात यांना विमान उडवू कोण देतं? यांचं मेडिकल होत नाही का?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. उत्तर मात्र सरळ 'हो' किंवा 'नाही' असं देता येत नाही. अमेरिकेत हौस म्हणून विमान उडवणाऱ्या माणसाला कधी सरकारमान्य डॉक्टरकडून तपासणी करून घ्यावी लागते, कधी नेहमीच्या फॅमिली डॉक्टरची सही पुरते, कधी गाडीचं ड्रायव्हिंग लायसन्स पुरतं, तर कधी काहीच लागत नाही. हे सगळं एकाच देशात, एकाच आकाशात!

मी हे नियम वाचायला घेतले तेव्हा वाटलं होतं, रुक्ष कागदपत्रांचा विषय असणार. पण आत शिरल्यावर एक जबरदस्त प्रश्न सापडला: माणूस विमान उडवायला फिट आहे की नाही, हे नक्की कोण ठरवणार? डॉक्टर, सरकार की तो स्वतः? चला, एकेक पायरी समजून घेऊया.

मुळात मेडिकल कशासाठी?

गाडी चालवताना चक्कर आली तर आपण गाडी साइडला घेतो. विमानात साइडच नसते. छोट्या विमानात बहुतेक वेळा एकच पायलट असतो, त्यामुळे त्याला काही झालं तर सांभाळणारं दुसरं कुणी नसतं. म्हणून नियम बनवणाऱ्यांना दोन गोष्टींची भीती असते.

पहिली, अचानक कोसळणं. हार्ट अटॅक, फिट येणं, शुद्ध हरपणं.

दुसरी, हळूहळू कमी पडणं. दिसायला कमी, औषधाची गुंगी, थकवा, डोक्यात चाललेलं काहीतरी. यात माणूस बेशुद्ध पडत नाही, पण त्याचे निर्णय चुकायला लागतात. आणि ते चुकतायत हे त्याचं त्यालाच कळत नाही.

त्यात उंचीची भर पडते. अमेरिकेच्या नियमानुसार केबिनमधला दाब १२,५०० फुटांपेक्षा जास्त उंचीएवढा झाला आणि ३० मिनिटांहून जास्त वेळ तिथे राहायचं असेल, तर पायलटला ऑक्सिजन घ्यावाच लागतो. १४,००० फुटांच्या वर तर पूर्ण वेळ. अंदाज यावा म्हणून सांगतो, आपलं कळसूबाई १,६४६ मीटर म्हणजे साधारण ५,४०० फूट. म्हणजे १२,५०० फूट ही कळसूबाईच्या दुपटीहून जास्त उंची. आणि सर्दी झालेली असताना घाट उतरताना कानाला दडे कसे बसतात, हे आपल्याला माहीतच आहे. विमान खाली उतरताना तेच होतं, फक्त जास्त जोरात. नेमकं तेव्हाच पायलटचं सगळं लक्ष लँडिंगवर हवं असतं.

तीन क्लास: फर्स्ट, सेकंड, थर्ड

अमेरिकेत विमान वाहतुकीचे नियम एफएए ही सरकारी संस्था बनवते. तिची मेडिकल सर्टिफिकेट तीन प्रकारची आहेत.

- फर्स्ट क्लास: एअरलाइनच्या कॅप्टनसाठी.
- सेकंड क्लास: पैसे घेऊन विमान उडवणाऱ्या इतर कमर्शियल पायलटसाठी.
- थर्ड क्लास: हौशी म्हणजे प्रायव्हेट पायलट आणि शिकाऊ पायलटसाठी.

आपला विषय थर्ड क्लासचा. तपासणीच्या दिवशी तुमचं वय ४० पेक्षा कमी असेल तर हे सर्टिफिकेट ६० महिने चालतं. ४० किंवा त्याहून जास्त असेल तर २४ महिने.

एक बारीक मुद्दा: शिकायला सुरुवात करताना मेडिकल लागत नाही, कारण शेजारी इन्स्ट्रक्टर बसलेला असतो. ते लागतं पहिल्यांदा एकट्याने उडताना. पण तिथपर्यंत पोचून मग 'अनफिट' ऐकण्यापेक्षा आधीच तपासणी केलेली बरी, असं कुणीही शहाणा माणूस सांगेल.

थर्ड क्लासमध्ये काय काय तपासतात?

सुरुवात ऑनलाइन होते. एफएएच्या मेडएक्सप्रेस नावाच्या साइटवर फॉर्म भरायचा. शेवटी एक कन्फर्मेशन नंबर मिळतो, तो घेऊन एफएएने नेमलेल्या डॉक्टरकडे जायचं. या डॉक्टरला एव्हिएशन मेडिकल एक्झामिनर म्हणतात. ६० दिवसांत गेला नाहीत तर भरलेला फॉर्म उडून जातो.

तपासणीत साधारण या गोष्टी असतात:

- नजर: प्रत्येक डोळ्याने वेगवेगळं, लांबचं आणि जवळचं २०/४० किंवा त्याहून चांगलं दिसायला हवं. चष्मा किंवा लेन्स लावून दिसलं तरी चालतं. "चष्मा आहे म्हणजे पायलट होता येणार नाही" हा समज इथे तरी खोटा आहे.
- रंग ओळखणं: कंट्रोल टॉवरचा रेडिओ बंद पडला तर टॉवरवरून लाल, हिरव्या, पांढऱ्या प्रकाशाने इशारे देतात. रनवेच्या बाजूचे लाल-पांढरे दिवे तुम्ही जास्त उंचावरून येताय की कमी, हे सांगतात. म्हणून ही चाचणी. १ जानेवारी २०२५ पासून नव्या अर्जदारांसाठी ती कॉम्प्युटरवर घेतली जाते.
- ऐकणं: डॉक्टरकडे पाठ करून सहा फुटांवर उभं राहायचं आणि नेहमीच्या आवाजातलं बोलणं ऐकू आलं पाहिजे. इतकं साधं!
- रक्तदाब: १५५/९५ च्या वर नको.
- लघवी: त्यात साखर आणि प्रोटीन आहे का, एवढंच बघतात.

थर्ड क्लाससाठी ईसीजी सक्तीचा नाही. म्हणजे शारीरिक तपासणी तशी हलकीच असते. खरा कस लागतो तो फॉर्ममध्ये. तिथे "तुम्हाला आयुष्यात कधीही हे झालंय का?" अशी आजारांची लांबलचक यादी असते. शिवाय सध्या कोणती औषधं चालू आहेत आणि गेल्या तीन वर्षांत कोणत्या डॉक्टरांकडे गेलात, हेही लिहायचं असतं. खोटं लिहिलं तर अडीच लाख डॉलरपर्यंत दंड, पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, हे फॉर्मवरच छापलेलं आहे.

ती १५ नावांची यादी

नियमात १५ अवस्था अशा आहेत की त्यातली एक जरी असली, तरी डॉक्टर तिथल्या तिथे सर्टिफिकेट देऊ शकत नाही. थोडक्यात सांगायचं तर त्यात पुढच्या गोष्टी येतात:

- हृदयाचं: अंजायना, हार्ट अटॅक, उपचार घेतलेला किंवा त्रास देणारा कोरोनरी आजार, झडप बदलणं, पेसमेकर, हृदय प्रत्यारोपण.
- मेंदूचं: एपिलेप्सी, कारण न सापडलेली बेशुद्धी, कारण न सापडलेला मज्जासंस्थेवरचा ताबा सुटणं.
- मनाचं: सायकोसिस, बायपोलर, गंभीर स्वरूपाचा पर्सनॅलिटी डिसऑर्डर.
- व्यसनाचं: नशेच्या पदार्थांचा गैरवापर किंवा त्यांच्यावर अवलंबून असणं.
- आणि औषधं घ्यावी लागणारा डायबेटिस.

वाचून वाटतं, संपलं सगळं. पण तसं नाही. 'स्पेशल इश्युअन्स' नावाची एक वाट आहे. जास्तीचे रिपोर्ट द्यायचे, एफएएचे डॉक्टर ते तपासतात आणि आजार आटोक्यात असेल तर ठरावीक मुदतीचं, अटी घातलेलं सर्टिफिकेट देतात. इन्सुलिन घेणाऱ्या हौशी पायलटसाठी ही वाट १९९६ मध्ये उघडली. डिप्रेशनच्या चार औषधांसाठी २०१० मध्ये उघडली. म्हणजे यादी दगडावर कोरलेली नाही. उपचार सुधारले, शरीरावर नजर ठेवायची साधनं सुधारली की नियमही हळूहळू सरकतात.

अडचण आहे ती वेळेची आणि खर्चाची. फाइल ओक्लाहोमा सिटीतल्या एफएएच्या ऑफिसात जाते, तिथून आणखी रिपोर्ट मागवणारं पत्र येतं, त्या तपासण्यांचा खर्च स्वतः करायचा, आणि तोवर विमान हँगरमध्ये उभं.

मेडिकलची शिडी: खालपासून वरपर्यंत

या कटकटीमुळेच अमेरिकेत हलक्या विमानांसाठी सोप्या पायऱ्या तयार होत गेल्या. मी त्या एका शिडीसारख्या मांडतो.

पायरी ०: अल्ट्रालाइट. एका सीटचं, रिकामं वजन २५४ पौंड म्हणजे सुमारे ११५ किलोपेक्षा कमी असलेलं, इंजिनवर उडणारं यंत्र. १९८२ पासून याला ना पायलट लायसन्स लागतं, ना मेडिकल. अट अशी की एकट्यानेच उडायचं आणि गर्दीच्या वस्तीवरून जायचं नाही.

पायरी १: ग्लायडर आणि हौशी बलून. लायसन्स लागतं, मेडिकल सर्टिफिकेट नाही. "मला माहीत असलेला असा कोणताही आजार नाही ज्यामुळे मी सुरक्षित उडवू शकणार नाही," हे पायलटने स्वतःचं स्वतः ठरवायचं.

पायरी २: स्पोर्ट पायलट. हा नियम २००४ मध्ये आला. इथे मेडिकलच्या जागी अमेरिकन ड्रायव्हिंग लायसन्स चालतं. सुरुवातीला विमान दोन सीटचं आणि १,३२० पौंड म्हणजे सुमारे ६०० किलोपर्यंतच असावं लागायचं. मोझॅक नावाच्या नव्या नियमाने हे बदललं. २२ ऑक्टोबर २०२५ पासून वजनाची अट गेली आणि तिच्या जागी 'विमान किती कमी वेगात हवेत टिकतं' हा निकष आला: फ्लॅप न उघडता ५९ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १०९ किलोमीटरपर्यंत. त्यामुळे चार सीटची बरीच नेहमीची विमानंही यात बसली. पण पायलटसोबत प्रवासी मात्र एकच. आणि रात्री उडवायचं असेल तर नुसतं ड्रायव्हिंग लायसन्स पुरत नाही, जादा प्रशिक्षण आणि वरच्या पायरीचं मेडिकल लागतं.

पायरी ३: बेसिकमेड. १ मे २०१७ पासून सुरू. इथे एफएएच्या खास डॉक्टरऐवजी कोणताही परवानाधारक डॉक्टर चालतो. दर ४८ महिन्यांनी त्याच्याकडून ठरलेल्या यादीप्रमाणे तपासणी करून सही घ्यायची आणि दर २४ महिन्यांनी एक ऑनलाइन कोर्स करून त्याची क्विझ पास व्हायची. तपासणीची यादी एफएएला पाठवायची नसते, ती पायलटने जपून ठेवायची. सोबत ड्रायव्हिंग लायसन्स हवंच. आणखी एक अट: १४ जुलै २००६ नंतर कधीतरी एकदा तरी एफएएचं मेडिकल मिळालेलं असायला हवं. मर्यादा आता चांगल्याच सैल आहेत. २०२४ च्या कायद्यानंतर १२,५०० पौंडांपर्यंतचं विमान, जास्तीत जास्त सहा प्रवासी, १८,००० फुटांपर्यंत उंची आणि २५० नॉटपर्यंत वेग. पैसे घेऊन मात्र उडवायचं नाही.

पायरी ४: थर्ड क्लास. वर पाहिलंच.

या शिडीत एक सूत्र दिसतं. तुमच्या चुकीमुळे जितक्या जास्त लोकांचा जीव जाऊ शकतो, तितकी तपासणी कडक. एकटे उडताय? स्वतःचं बघा. मित्राला घेऊन उडताय? निदान गाडी चालवण्याइतके तरी फिट असा. सहा जण नेताय? डॉक्टरकडे जा. तिकीट विकताय? सरकारकडे या.

आणि इथेच आहे ती गोम

आता एक उदाहरण घ्या. दोन मित्र आहेत, दोघांचं वय सारखं, दोघांनाही एकच जुना आजार, तो औषधाने आटोक्यात. दोघेही रोज गाडी चालवतात, दोघांच्याही डॉक्टरांना त्यात काही अडचण वाटत नाही.

पहिल्याने आयुष्यात कधी एफएएकडे मेडिकल मागितलंच नाही. तो स्पोर्ट पायलट झाला. ड्रायव्हिंग लायसन्स खिशात, विमान आकाशात.

दुसऱ्याने प्रामाणिकपणे थर्ड क्लाससाठी अर्ज केला. सगळं खरं लिहिलं. फाइल अडकली, मागितलेल्या तपासण्या परवडल्या नाहीत, अर्ज नाकारला गेला. आता तो पायरी ४ वर तर जाऊ शकत नाहीच, पण पायरी २ चाही दरवाजा त्याच्यासाठी बंद! कारण नियम सांगतो की तुम्ही कधी अर्ज केला असेल, तर शेवटच्या अर्जात तुम्ही पात्र ठरलेले असायला हवं. बेसिकमेडमध्येही शेवटचा अर्ज नाकारलेला चालत नाही.

शरीर तेच, आजार तोच, विमानही तेच. फरक एवढाच की एकाने विचारलं आणि दुसऱ्याने विचारलंच नाही.

नियमाची बाजूही समजून घ्यायला हवी. सरकारी डॉक्टरांनी कागद बघून एखाद्याला 'सध्या नाही' म्हटलं असेल, तर त्याला मागच्या दाराने आत कसं सोडणार? हे म्हणणं चूक नाही. पण याचा परिणाम काय होतो? माहिती लपवणाऱ्याचा किंवा न विचारणाऱ्याचा फायदा होतो, असा संदेश जातो. मला हे या सगळ्या व्यवस्थेतलं सगळ्यात नाजूक दुखणं वाटतं. खरं बोलण्याची किंमत जितकी जास्त, तितके लोक डॉक्टरकडे जायचंच टाळतात, विशेषतः मनाच्या आजारांसाठी. आणि उपचार न घेतलेला पायलट हा उपचार घेतलेल्या पायलटपेक्षा जास्त धोकादायक असतो.

म्हणून तिथले अनुभवी पायलट नवख्यांना सांगतात: तब्येतीबद्दल शंका असेल तर आधी डॉक्टरचा फक्त सल्ला घ्या. औपचारिक तपासणी एकदा सुरू झाली की तिचा निकाल एफएएकडे जातोच, मध्येच 'राहू दे' म्हणता येत नाही.

सूट दिली की काय होतं?

मग सगळ्यांनाच ड्रायव्हिंग लायसन्सवर उडू द्यावं का? इथे दोन्ही बाजूंचा अनुभव आहे.

बेसिकमेड आलं तेव्हा अपघात वाढतील अशी भीती होती. एफएएने नंतर काँग्रेसला दिलेल्या अहवालात बेसिकमेडवाले आणि थर्ड क्लासवाले यांच्या अपघाताच्या धोक्यात फरक आढळला नाही.

पण दुसरी बाजू फार दुःखद आहे. ३० जुलै २०१६ रोजी टेक्सासमधल्या लॉकहार्ट गावाजवळ गरम हवेचा एक बलून विजेच्या तारांना धडकला. पायलट आणि १५ प्रवासी, सगळे १६ जण गेले. तपास केला तो एनटीएसबी या स्वतंत्र सरकारी संस्थेने. त्यात दिसलं की धुकं आणि खाली उतरलेले ढग असतानाही पायलटने उड्डाण केलं होतं. त्याच्या चुकीच्या निर्णयांना त्याचे आजार आणि गुंगी आणणाऱ्या औषधांचा हातभार लागला, असंही तपासात म्हटलं गेलं. हे प्रवासी पैसे देऊन बसले होते. तरीही बलूनच्या पायलटला तेव्हा कोणतंच मेडिकल लागत नव्हतं, हौशी असो की धंदेवाईक. एनटीएसबीने याही त्रुटीवर बोट ठेवलं. शेवटी २०२२ मध्ये एफएएने नियम केला: पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या बलून पायलटला सेकंड क्लास मेडिकल सक्तीचं.

यातून मला समजलं ते असं. सूट देणं ही चूक नव्हती. शिडीची पायरी चुकली होती. एकट्या हौशी माणसासाठी असलेली सवलत १५ तिकीटधारकांच्या डोक्यावर ठेवली गेली होती.

खरं मेडिकल रोजचं असतं

सर्टिफिकेट म्हणजे स्क्रीनशॉट, लाइव्ह लोकेशन नाही. ते फक्त त्या एका दिवसाचं सांगतं. ६० महिन्यांची मुदत असलेलं सर्टिफिकेट खिशात असलं, तरी आज सकाळी ताप आहे की नाही, हे त्याला माहीत नसतं.

म्हणून एफएएचा एक नियम लायसन्स लागणाऱ्या सगळ्या पायऱ्यांवर लागू होतो: सुरक्षित उडवता येणार नाही अशी तब्येत आहे हे माहीत असेल, किंवा माहीत असायला कारण असेल, तर उडवायचं नाही. कोणतंही सर्टिफिकेट असो.

यासाठी पायलटना 'आय ॲम सेफ' नावाची चेकलिस्ट शिकवतात. इंग्रजीतल्या सहा शब्दांची पहिली अक्षरं जोडून ती बनली आहे. मराठीत प्रश्न असे होतात:

1. मी आजारी आहे का?
2. काही औषध घेतलंय का?
3. डोक्यावर ताण आहे का?
4. दारू घेतली होती का? कायद्याने शेवटच्या घोटानंतर किमान आठ तास जायला हवेत.
5. झोप झालीय का?
6. मन ठिकाणावर आहे का? राग, दुःख, भांडण?

औषधाचा मुद्दा लोक फार हलक्यात घेतात. अमेरिकेत दुकानात सहज मिळणाऱ्या ॲलर्जीच्या आणि झोपेच्या अनेक गोळ्यांत डायफेनहायड्रामीन असतं. एफएएचा सल्ला असा की ते घेतल्यावर ६० तास विमान उडवू नका. एका साध्या गोळीसाठी अडीच दिवस! कारण झोप उडाली असं वाटलं तरी मेंदू पूर्ण जागा झालेला नसतो.

आता आपल्या साइटच्या आवडीचा मुद्दा. तुमच्या मनगटावरचं स्मार्टवॉच हृदयाच्या अनियमित ठोक्यांची सूचना देऊ शकतं. नियमातले शब्द आहेत, 'माहीत असायला कारण असेल तर'. माझ्या मते घड्याळाने अशी सूचना दिल्यावर पायलटला 'मला काही कल्पनाच नव्हती' म्हणायला फारशी जागा उरत नाही. घड्याळ निदान करत नाही, चुकूही शकतं. पण सूचना स्वाइप करून विमानाकडे निघणं हा पर्याय नाही. आधी डॉक्टर, मग रनवे.

भारतात काय?

आपल्याकडे नियम डीजीसीए बनवतं, आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर पायलट व्हायची सोय इथे नाही. प्रायव्हेट पायलट लायसन्ससाठी क्लास २ मेडिकल आणि कमर्शियलसाठी क्लास १ मेडिकल लागतं. तपासणी डीजीसीएने मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते. त्यांची यादी डीजीसीएच्या साइटवर मिळते, आणि अर्जाचं काम ईजीसीए पोर्टलवरून होतं.

बारामती किंवा गोंदियात ट्रेनिंग घ्यायचा विचार असेल, किंवा अमेरिकेत जाऊन शिकायचा प्लॅन असेल, तर माझा एकच सल्ला: फी भरण्याआधी मेडिकल करून घ्या. अमेरिकेत एफएएचं मेडिकल मिळालं म्हणून भारतात आपोआप चालत नाही. तिथलं लायसन्स इथल्या कमर्शियलमध्ये बदलताना डीजीसीएचं क्लास १ लागतंच. कर्ज काढून, घर गहाण ठेवून ट्रेनिंग पूर्ण करायचं आणि मग रंग ओळखण्याच्या चाचणीत अडकायचं, ही वेळ कुणावर येऊ नये.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

भारतीय ड्रायव्हिंग लायसन्सवर अमेरिकेत स्पोर्ट पायलट म्हणून उडता येईल का?
नाही. नियमात अमेरिकन ड्रायव्हिंग लायसन्सच म्हटलंय. ते नसेल तर मेडिकल सर्टिफिकेट घ्यावं लागेल.

लायसन्सवर 'चष्मा लावून चालवावे' असं लिहिलं असेल तर?
मग विमानातही चष्मा हवाच. ड्रायव्हिंग लायसन्सच्या सगळ्या अटी हवेतही लागू होतात.

इतर देशांत काय आहे?
ब्रिटनमध्ये २०१६ पासून बरेच हौशी पायलट स्वतःच्या तब्येतीचं ऑनलाइन घोषणापत्र देऊन उडू शकतात. युरोपात हलक्या विमानांच्या लायसन्ससाठी वेगळं, सौम्य मेडिकल आहे.

वयाची वरची मर्यादा आहे का?
अमेरिकेत हौशी पायलटसाठी नाही. व्हिडिओतल्या त्या आजोबांना तब्येत साथ देईल तोवर उडता येतं.

मेडिकल आहे, पण आज बरं वाटत नाही. उडू का?
नको. विमान उद्याही तिथेच असेल.